मुकादम आत की बाहेर

ता. ४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आमचा तळ परत हलला. विजेचे मनोरे उभे करत करत आम्ही डोंगरात इतकं आत आलोय की रेशनचा ट्रक आठवड्यातून एकदाच वर येतो. तोच पत्रं आणतो, तोच नेतो. ट्रक चुकला की आठवडा चुकला. परवा मला ठेकेदाराने पार वरच्या आडव्या पट्टीवर चढवलं. खाली बघू नको असं सगळे सांगतात, म्हणून मी नेमकं खालीच बघितलं. मग पट्टीला अशी मिठी मारली की खालचे सगळे हसायला लागले. तू म्हणायचीस ना, याच्या पायाला भिंगरी आहे, हा जमिनीवर ठरत नाही. आता हवेत ठरायला शिकतोय.

इथे ऊन फार आहे. लोखंडाला हात लावला की चटका बसतो. तेव्हा आपल्या खोलीवरचा पत्रा डोळ्यासमोर येतो आणि मुकादमाची काळजी वाटते. तू सकाळी लाँड्रीत जातेस ती संध्याकाळी येतेस. तेवढा वेळ त्याला आत कोंडून ठेवतेस हे काही बरं नाही. दुपारी ती खोली म्हणजे भट्टी. मी तिथे राहत होतो तेव्हा मी माणूस असून दुपारी पायरीवर येऊन बसायचो. त्या जनावराच्या अंगावर तर बारा महिने घोंगडी आहे. त्याला बाहेर ठेवत जा. पायरीजवळ दुपारनंतर सावली येते, पाण्याचं पातेलं ठेवलं की झालं.

आणि दुसरं म्हणजे, कुत्रा आत ठेवून राखण कशी होणार. दाजी सोडून गेल्यापासून तू एकटी आहेस. त्या माणसाला दाजी म्हणायला आता माझी जीभ वळत नाही, पण लिहिताना दुसरं काय लिहू. ज्याने तुझा हात मोडला तो परत दारात उभा राहिला तर मुकादम बाहेर पाहिजे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशीच त्याची पोटरी धरील. आत बसून नुसता दाराला भुंकला तर काय उपयोग. सैनिक कोठीत आणि किल्ला उघडा, तशी गत.

तुझा हात थंडीत दुखायचा, आता उन्हात तरी बरा आहे का. इस्त्री दुसऱ्या हाताने करत जा. माझी आठवण ठेव, आणि मुकादमाला सांग की इथला ठेकेदार त्याच्यापेक्षा कमी भुंकतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
भिंगरी


ता. १३ एप्रिल

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वरच्या पट्टीवर चढताना कमरेचा पट्टा बांधतोस ना, ते काही लिहिलं नाहीस. ते आधी लिही. मुकादमाचं नंतर.

मी बरी आहे. लाँड्रीत सध्या दवाखान्याच्या चादरी आल्या आहेत, डोंगरच्या डोंगर. तू एका डोंगरात, मी दुसऱ्या. हात बरा आहे.

मुकादम आतच राहील. तू उगाच लांबून हुकूम सोडू नकोस. बाहेर ठेवला की तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर देखरेख करतो, म्हणून तर त्याचं नाव मुकादम पडलं. शेजारचा पाववाला रात्रभर भट्टीवर असतो आणि दिवसा झोपतो. त्याची झोप मोडली की तो भिंतीवर लाटणं आपटतो. उगाच कोणाचे तळतळाट कशाला. मी खिडकीची वरची झडप उघडी ठेवते, फरशीवर पाणी शिंपडते, ओलं पोतं टाकते. त्यावर तो पसरतो.

आणि पोटरी धरायचं म्हणतोस, तर तो धरणार नाही. त्यांनीच त्याला दूध पाजून मोठा केला. त्यांना बघून तो शेपूटच हलवील. तुझ्यासारखाच आहे, खाल्लेल्या घासाला विसरत नाही.

दाराचं कुलूप बदलायचं म्हणून घरमालकाकडे परत गेले होते. ते म्हणाले की खोली नवऱ्याच्या नावावर आहे, भाडेकरू तो, त्याने सांगितलं तर बदलतो. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं की एक माझ्याकडे, एक माझ्या भावाने त्याच्या सायकलवाल्या मित्राकडे ठेवली आहे, आणि एक. एवढं ऐकून घरमालक उठून आत गेले. दार ओढलं की आपोआप लागणारं ते कुलूप, त्याला बाहेरून कोण आलं कोण गेलं याची काही खूण राहत नाही.

एक सांगायचं होतं. पाकिटावर माझ्या नावाआधी सौ. लिहू नकोस. नुसतं नाव लिही. पोस्टमन तेवढं वाचून आणून देतो.

पट्ट्याचं लिही. जेवत जा. वेळी-अवेळी भांडू नकोस.

तुझी,
ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्टा बांधतो. दोन बांधतो. झालं समाधान?

तुझं पत्र तीनदा वाचलं. कुलपाचं वाचून डोकं फिरलं. घरमालकाला म्हणावं, हात मोडला तेव्हा कुणाच्या नावावर मोडला होता. पण तू भांडू नकोस म्हणतेस, म्हणून गिळून बसलोय.

मुकादमाचं मात्र मला पटलेलं नाही, आणि आता पटवूनही घेणार नाही. परवा तळावर काय झालं ते ऐक. आमच्यातल्या एकाने कुत्री पाळली होती. आम्ही कामावर जाताना तो तिला सामानाच्या पत्र्याच्या खोलीत बंद करायचा, आतल्या तारा कुणी नेऊ नयेत म्हणून. संध्याकाळी उघडलं तर ती दाराच्या फटीला नाक लावून पडलेली. अंग ताठ. नखांनी दाराखालची माती उकरली होती, पार कोपरापर्यंत जाईल एवढी. तो गडी दिवसभर तारा ओढणारा दांडगा माणूस, पण त्या रात्री जेवला नाही. मीही जेवलो नाही. मला ती कुत्री दिसत नव्हती, मुकादमच दिसत होता.

म्हणून मी तुला न विचारता एक काम केलं. सायकलवाल्याला पत्र टाकलं. आपल्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आहेच. त्याला सांगितलंय की रोज दुपारी जेवायला घरी जाताना वाट वाकडी कर, दार उघड आणि मुकादमाला बाहेर काढून दार ओढून घे. परत आत घ्यायची खटपट करू नको, कारण ताई, तू स्वतः आत पाऊल टाकल्याशिवाय तो आत येत नाही हे मला माहीत आहे. दार उघडलं की बाण सुटतो आणि मग कुणाच्या बापाला ऐकत नाही. तू येईपर्यंत पायरीवर बसेल. भुंकला तर पाववाल्याला मी इथून दोन ओळी लिहीन.

आता तू रागावशील. रागाव, पण पाणी भरून पातेलं पायरीवर ठेवत जा.

तुझा हट्टी,
भिंगरी


ता. १ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. ते परवा आलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुला खरं लिहिते. लिहिणार नव्हते, कारण तू तापट आहेस. हातातलं काम टाकून निघशील आणि काहीतरी करून बसशील, मग एकाच्या जागी दोघांची काळजी. पण न लिहिल्याचा परिणाम काय झाला तो वाच.

मुकादमाला मी राखणीसाठी आत ठेवत नव्हते. तो माझा शिक्का होता. त्यांच्याकडे किल्ली आहे. ते कधीही दार उघडून आत बसू शकतात, आणि दार आपोआप लागतं, म्हणून मला बाहेरून काहीच कळणार नाही. पण मुकादम आत असताना कुणीही दार उघडलं की तो बाहेर पडणारच, आणि माझ्याशिवाय कुणी त्याला परत आत घेऊ शकत नाही. म्हणून रोज गल्लीच्या वळणावर आले की मी आधी पायरीकडे बघते. पायरी रिकामी असली की समजायचं, दार उघडलेलं नाही. मग किल्ली काढायची. तू गेल्यापासून एक दिवसही मी पायरीकडे बघितल्याशिवाय पुढे आले नाही.

परवा वळणावर आले आणि मुकादम पायरीवर बसलेला.

तो मला बघून उठला, शेपूट हलवली, आणि मला वाटलं, बघ, कसा खूश आहे, घरी ओळखीचं माणूस आलंय म्हणून. मी मागे फिरले. हाक मारायची हिंमत नव्हती, नुसती चालत राहिले. तो माझ्या मागून आला. लाँड्रीत गेले, राखणदारीणबाईंना सांगितलं की किल्ली हरवली. त्यांनी मला आणि त्याला न धुतलेल्या चादरींच्या खोलीत बसू दिलं. दार वाजलं की मी उठून कडी बघायचे. पहाटे पाववाला भट्टीवरून परतताना त्याला वाटेत गाठलं आणि सोबत घेऊन आले. त्याने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. ओलं पोतं वाळून कडक झालेलं, बाकी सगळं जागच्या जागी. पाववाला म्हणाला की वहिनी, तुम्ही इथे नसलात तर मलाच दिवसा झोप लागायची नाही, भिंतीवर आपटायला कुणी उरणार नाही. माणूस वाईट नाही.

दुपारी तुझं पत्र आलं. वाचून मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही.

पण एक आहे. त्या दिवशी मुकादमाचे डोळे स्वच्छ होते. एरवी मी येते तेव्हा तो धापा टाकत असतो, गेल्या आठवड्यात दोनदा ओकला होता. ते मी तुझ्यापासून लपवलं. तेव्हा तुझं म्हणणंही खोटं नाही. आत ठेवावा तर तो मरतो, बाहेर ठेवावा तर मी भीतीने मरते. काय करू ते सुचत नाही.

पुढच्या वेळी काही करायचं तर मला आधी विचार.

तुझी,
ताई


ता. १० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मनोऱ्याच्या पायाशीच बसून राहिलो. वर चढायचं होतं, पण ठेकेदाराला पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

एवढं सगळं तू एकटीने पोटात ठेवलंस. मी मूर्ख, इथून कुत्र्याच्या पाण्याचं पातेलं मोजत बसलो. मी आता निघून येऊ का, एवढं एका ओळीत लिही. ठेकेदार सोडणार नाही, पण इथे भिंत नाही की कुंपण नाही, नुसता डोंगरच आहे.

सायकलवाल्याला बंद करायला सांगू का तेही लिही. मला वाटतं बंदच करावं. एकदा मला वाटतं कुत्रा गेला तर जाऊ दे, ताईचा शिक्का राहू दे. मग ती दाराखालची उकरलेली माती आठवते. तू सांगशील तसं करतो. या वेळी तुला विचारल्याशिवाय बोटही हलवणार नाही.

रोज रात्री डोळा लागला की तू वळणावर उभी दिसतेस. तोंड दिसत नाही, पाठच दिसते.

लवकर लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. २० मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

निघून येऊ नकोस आणि सायकलवाल्याला बंदही करू नकोस. दोन्हींची गरज उरलेली नाही. तुझ्या दाजींच्या आत्याबाई बाजारात भेटल्या. त्यांनी आपणहून सांगितलं की ते बंदराकडे कामाला गेले, आता वर्षभर तरी इकडे फिरकत नाहीत. ऐकून मी भाजी न घेताच घरी आले, इतकी हलकी झाले होते.

आता मुकादम रोज मला पायरीवर दिसतो. पहिले दोन-तीन दिवस वळणावर पाय अडखळायचे. मग मनाला सांगितलं, अगं, हा तुझ्या भावाच्या मित्राने काढलेला आहे. आता तर तो दिसला की बरं वाटतं, कुणीतरी वाट बघत बसलंय म्हणून. गेल्या आठवडाभरात एकदाही धाप नाही, ओकारी नाही. तू जिंकलास, घे.

तुझा मित्र मात्र गमतीचा आहे. मला कधी भेटत नाही, त्याचं दुकान बाजाराच्या त्या टोकाला, माझी वाट ह्या टोकाने. पण येतो तेव्हा थोडा वेळ टेकत असावा. पाणी पितो आणि भांडं विसळून उपडं घालतो. कधी उशी हललेली असते. उन्हाचा येतो बिचारा, लवंडला तर लवंडू दे, माझी ना नाही. फक्त त्याला सांग की डोक्याला तेल जरा कमी लाव, अभ्रा खराब होतो. माझ्या नावाने सांगू नकोस, लाजेल.

परवा मी कित्येक महिन्यांनी दार उघडताना गाणं गुणगुणत होते. पाववाल्याने भिंतीवर आपटलं. तेवढ्यात मुकादम भुंकला. मी म्हटलं, चला, घर घरासारखं झालं.

पट्टा बांधत जा. दोन.

तुझी,
ताई


ता. २४ मे

प्रिय मित्र भिंगरी यास,
स. न. वि. वि.

तू रागावला असशील. माझी चूक आहे. तू सांगितल्याप्रमाणे मी एप्रिलअखेरीपासून दुपारी जाऊन कुत्र्याला बाहेर सोडत होतो. दार उघडायचं, तो निघून जायचा, दार ओढायचं, एवढंच. बाईमाणसाचं घर म्हणून मी आत पाय ठेवला नाही कधी, उंबऱ्याच्या बाहेरूनच. पण जेमतेम आठवडा गेला आणि मला टेम्पोने उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून मी गावाकडे आईजवळ पडून आहे. दुकान बंद आहे. तुझी किल्ली माझ्या उशाखाली आहे, काळजी करू नको.

ताईंना निरोप द्यायला कुणी मिळालं नाही. तो कुत्रा बिचारा इतके दिवस परत आत उकडत असेल याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना तूच कळव आणि माझ्यातर्फे माफी माग.

पत्र भावाकडून लिहून घेतलं आहे. तुझा जुना लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
सायकलवाला


तार, ता. ३१ मे

मुकादम बाहेर दिसला तर आत जाऊ नको. सायकलवाला येत नाही. दुसरा येतो. निघालो. भिंगरी


ता. ६ जून

प्रिय मित्र सायकलवाल्यास,
स. न. वि. वि.

तुझा पाय कसा आहे. मी ताईकडून लिहितोय. तू माफी मागू नकोस, तुझी काही चूक नाही. काय झालं ते तुला कळायला पाहिजे, कारण तुझ्याशिवाय मला हे कुणाला लिहिता येणार नाही आणि पोटात राहतही नाही.

तुझं पत्र आणि ताईचं पत्र मला एकाच ट्रकने मिळाली. आधी ताईचं वाचलं आणि हसलो, तुझ्या तेलाच्या डोक्यावर. मग तुझं वाचलं. तू आत पाय ठेवला नाहीस हे वाक्य वाचलं, आणि मग तू गावाकडे आहेस हे. मित्रा, मनोऱ्याच्या टोकावर मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. पायाखाली काही नाही असं तिथे वाटतं, पण कमरेला पट्टा असतो. ट्रक खाली जायला निघालाच होता. मी तसाच, हातातला पाना न ठेवता, मागे चढलो. ठेकेदार ओरडत राहिला. खालच्या गावात तार केली आणि मिळेल त्या गाडीने निघालो. मला वाटलं, मी उशिरा पोचलो तरी तार पोचेल.

तार वेळेवर पोचली. भर दुपारी पोस्टमनने दार वाजवलं. दार ताईच्या नवऱ्याने आतून उघडलं. तार त्याने घेतली, सही केली. माझ्या बहिणीला लिहिलेली तार त्या माणसाने तिच्याच खाटेवर बसून वाचली. मी त्याला सांगून टाकलं की ती कशावरून ओळखते. इतके दिवस तो येत होता, कुत्रा बाहेर पळत होता, पण त्यात काही खूण आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तो यायचा, लोळायचा, ताई यायच्या आधी निघून जायचा. नुसता बघून जायचा, घर कसं चाललंय ते. त्या दिवशी तो गेला नाही.

त्याने मुकादमाला आत घ्यायचं ठरवलं. आधी पुचकारलं असेल. दूध दाखवलं असेल, कारण पायरीवर दूध सांडलेलं होतं. मुकादम त्याला बघून शेपूट हलवत होता हे मला आता कुणी न सांगता दिसतं. पण आत यायचं म्हटल्यावर तो कुणाचाच नाही. मग त्याने आतली कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि त्याच्या गळ्यात फास टाकून ओढलं. पाववाल्याला झोपेत कुत्र्याचं केकाटणं ऐकू आलं, त्याने सवयीने भिंतीवर लाटणं आपटलं आणि कूस बदलली. ते तो मला सांगताना मान वर करत नव्हता. शेवटी मुकादमाने त्याचं मनगट फोडलं आणि दोरी तोडून पळाला. पण लांब गेला नाही. गल्लीच्या वळणावर जाऊन उभा राहिला.

ताई आली. पायरी रिकामी. एरवी ती रिकामी बघून ती सरळ गेली असती. पण मुकादम वळणावरच तिच्या पायात आला, गळ्यात तिचीच दोरी, अर्धा हात लोंबत होती. तो घराकडे तोंड करून गुरगुरत होता. स्वतःच्या घराकडे. ताई म्हणते की तिला काहीच समजलं नाही, फक्त एवढं समजलं की दोरी आतली आहे आणि कुत्रा बाहेर आहे.

ती मागे फिरेल असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं. तिने चपला हातात घेतल्या. भिंतीला धरून पायरीपर्यंत गेली. आपल्या दाराला बाहेरून जुनी कडी आहे, तू बघितली असशील, कुणी कधी लावत नाही. ती गंजलेली होती, वाजली असती. तिने पदराचा बोळा करून कडीखाली धरला आणि सरकवली. मी तिला विचारलं की तू पळून का गेली नाहीस. ती म्हणाली की पळाले असते तर उद्या परत वळणावर उभी राहिले असते, आणि परवाही.

कडी बसली आणि आतून कुलूप फिरलं. दार ओढलं गेलं, पण हललं नाही. मग त्याचा आवाज आला. ओरडला नाही. लग्नानंतर तो तिला ज्या नावाने हाक मारायचा त्या नावाने त्याने हाक मारली, आणि म्हणाला की दार उघड, मी चहा ठेवलाय. ताईने कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. मग त्याने दाराआडून, शब्द शब्द सावकाश, माझी तार तिला वाचून दाखवली. शेवटी माझं नावसुद्धा वाचलं. आणि म्हणाला की तुझा भाऊ निघालाय, पोचेपर्यंत आपल्याला वेळ आहे.

तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटला. पाववाला लाटणं घेऊनच बाहेर आला. चार लोक जमले, पोलीस आले. दार उघडलं तेव्हा आत अंधार होता. बटण दाबलं तर दिवा लागेना. बल्ब त्याने काढून फळीवर ठेवला होता, कपाच्या शेजारी, नीट, फुटू नये असा. चहा ठेवलाच नव्हता. स्टो थंड होता.

पोलिसांना तो म्हणाला की खोली माझ्या नावावर आहे, मी माझ्या घरात बसलो होतो, बायकोनेच मला कोंडलं. ते खरंच आहे म्हणून हवालदार जरा घुटमळला. तेव्हा पाववाल्याने फळीवरचा बल्ब उचलून त्याच्यापुढे धरला आणि विचारलं की आपल्याच घरात माणूस अंधार करून कुणाची वाट बघतो. तूर्त त्याला आत ठेवलाय. किती दिवस ते कुणी नक्की सांगत नाही. कुणी म्हणतं दोन-चार दिवसांत सुटेल.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. घरमालक आपणहून आला, मानेनेच हो म्हणाला, आणि मी नवीन कुलूप बसवलं. आतून दोन अडसर लावले. तुझ्याकडची किल्ली टाकून दे. ती आता कशालाच लागत नाही. ठेकेदाराने माझ्या जागी माणूस घेतला असेल. मला त्याचं काही वाटत नाही, आणि हे वाटत नाही याचंच मला नवल वाटतं. पाय कुठे जाऊ म्हणत नाहीत.

खोली आता पक्की आहे. पण मुकादम आत येत नाही. ताई आत गेली, चपला काढल्या, खाली बसली, हाक मारली, तरी येत नाही. आजवर तिच्यासाठी कधी चुकला नव्हता. उंबऱ्यापर्यंत येतो, आत बघतो, अंग थरथरतं आणि मागे सरकतो. मी उचलून नेलं तर माझ्या हातात त्याने लघवी केली. मग मी परत बाहेर आणून ठेवलं.

आता संध्याकाळी ताई आत असते आणि मी त्याच्याजवळ पायरीवर अंथरूण टाकतो. अडसर लावण्याआधी ती आतून विचारते की मुकादम कुठे आहे. मी सांगतो की बाहेर आहे. मग ती विचारते की आणि तू. मी सांगतो की मीही बाहेरच आहे. मग एक अडसर पडतो, जरा वेळाने दुसरा. नंतर बराच वेळ तिच्या पावलांचा आवाज येत नाही. दाराला टेकून उभी असते. आम्ही दोघं इकडून ऐकत असतो.

पाय जप. बरा झालास की ये, पण येताना गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्याने हाक मारत ये.

तुझा,
भिंगरी